बागेतील पाटी

गुजराती भाषेत 'पाटियुं' म्हणजे फळी अथवा पाटी. हमरस्त्यावरून एखाद्या गावाकडे फाटा फुटतो तेथे त्या गावाच्या नावाची पाटी रोवतात, आणि कालांतराने त्या ठिकाणालाच 'पाटिया' हे नाव पडते. आमच्या पर्वत पाटियाचे नाव असेच रूढ झालेले आहे. ज्या पाटीने हे नाव दिले ती आज कोणी शोधू गेल्यास सापडावयाची नाही. पर्वत गाव सुरत शहराच्या पोटात केव्हाच सामावून गेले. पाट्यांची वाण मात्र या चौकात नाही. दवाखान्यांच्या, शिकवणीवर्गांच्या, साड्यांच्या दुकानांच्या पाट्या जणू एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत. या गर्दीतील एक लहानशी पाटी आजच्या लेखाचा विषय आहे. ती बागेच्या दाराशी असते. बागेत धूम्रपान करण्यास, तंबाखू वा गुटखा खाण्यास आणि थुंकण्यास सक्त मनाई आहे, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो. आणि पुष्कळदा तिच्याच पायथ्याशी तांबड्या पिचकाऱ्यांची नक्षी उमटलेली असते.

विषय क्षुल्लक आहे, असे काही वाचकांस वाटेल. आमचे म्हणणे एवढेच, की त्यांनी आपल्या घराचे क्षेत्रफळ आठवून पाहावे. लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना या भागांत जी हजारो मराठी कुटुंबे राहतात त्यांतील बहुतेक खान्देशातून, ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने, पोटामागे येथे आली. नंदुरबार, अमळनेर, धरणगावाकडील घरांना अंगण होते. येथे दोन खोल्यांत सहा माणसे नांदतात. अशा वस्तीत बाग हे सर्वांचे सामायिक अंगण होय. पहाटे वृद्ध फेऱ्या मारतात, दुपार टळल्यावर बायका भाजी निवडीत बसतात, सायंकाळी मुले घसरगुंडीवर तुटून पडतात. गावाकडच्या सारवलेल्या अंगणात कोणी पिंक टाकली असती तर आपल्या आजीने त्याचे काय केले असते, हे वाचकांस सांगावयास नको. या अंगणाला आजी नाही, ही खरी अडचण आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, वाचनालये, कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. पुढे २००३ साली संसदेने सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांसंबंधीचा कायदा संमत केला. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक जागी धूम्रपान करणे हा गुन्हा ठरला आणि दंड दोनशे रुपयांपर्यंत ठरला. परंतु 'सार्वजनिक जागा' या शब्दाची व्याख्या करताना कायद्याने शेवटी एक शेपूट जोडले: मोकळी जागा यात येत नाही. बाग ही तर मोकळी जागाच! या शेपटामुळे घोटाळा होतो हे ध्यानी आल्यावर २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांत खुलासा करण्यात आला, की खुली प्रेक्षागृहे, क्रीडांगणे, रेल्वे स्थानके, बसथांबे व 'तत्सम अन्य ठिकाणे' मोकळी जागा म्हणून सुटणार नाहीत. बागेचे नाव त्यात स्वतंत्रपणे आले नाही. ती 'तत्सम'मध्ये बसते, असा अर्थ लावावा लागतो. आम्ही मराठीचे विद्यार्थी असल्याने शब्दांचे असे अर्थ लावण्यात आम्हांस आनंदच आहे. परंतु बिडी पेटविलेल्या माणसासमोर उभे राहून 'तत्सम' शब्दाची फोड करून सांगणे कोणाही पहारेकऱ्यास शक्य नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. केंद्राच्या कायद्याचे हे कलम धुरापुरते आहे. चघळण्यास ते हात लावीत नाही. आपल्या लोकांचा तंबाखूशी संबंध मात्र मुख्यतः तोंडातून आहे, धुरातून नाही. २०१६-१७ साली देशभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखूविषयक पाहणीत गुजरातेत धूम्रपान करणारे शेकडा ७.७ आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे शेकडा १९.२ आढळले. महाराष्ट्रात हीच प्रमाणे ३.८ आणि २४.४ अशी होती. म्हणजे आपण महाराष्ट्रातून चुन्याची डबी घेऊन आलो आणि येथे येऊन मावा शिकलो. कातरलेली सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर रगडावयाचा, म्हणजे झाला मावा. घराघरांतील वृद्ध स्त्रियांची मिश्री आणि येथील भगिनींची बजर यांचे सख्य तर जुळ्या बहिणींचे आहे. यांपैकी एकीलाही चौथे कलम लागू नाही.

गुटख्याचे प्रकरण निराळ्या वाटेने गेले. खाद्यपदार्थांत तंबाखू वा निकोटीन असू नये, असा नियम २०११ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली झाला, आणि त्याच्या आधारे २०१२ साली मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात इत्यादी राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. त्यावर व्यापाराने काढलेली तोड सर्वांस ठाऊक आहे. पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी. दोन्ही एकाच दोरीला टांगलेल्या. गिऱ्हाइकाने तोंडात त्यांचे लग्न लावावे. बंदी आहे आणि गुटखाही आहे.

तिसरी अडचण माणसाची. आमच्या घराजवळील बागेच्या पहारेकऱ्यास आम्ही एकदा विचारले, की आपण लोकांना हटकीत का नाही? तो म्हणाला, "गुरुजी, सांगायला गेलो तर विचारतात, तू कोण? पावतीपुस्तक दाखव. पावतीपुस्तक माझ्याजवळ नाही. शिट्टी आहे." या उत्तरात अंमलबजावणीचे सारे शास्त्र आले. दंड वसूल करण्याचा अधिकार ज्यांना दिलेला आहे त्यांची यादी २००८ च्या नियमांसोबत जोडलेली आहे. तीत शाळेच्या आवारापुरता मुख्याध्यापक आहे, पोलीस अधिकारी आहेत, स्थानकप्रमुख आहेत. बागेचा पहारेकरी आम्हांस तीत आढळला नाही. ज्याच्या डोळ्यांसमोर गुन्हा घडतो त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे तो बागेत येत नाही. तशात पहारेकरी पडला गरीब, कंत्राटी, गावातलाच. बाकावर मावा चोळीत बसलेले गृहस्थ त्याच्या वडिलांच्या वयाचे. त्यांना तो 'आबा' म्हणतो. आबांना दटावणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि आबांनाही ते पुरते ठाऊक असते.

चौथी गोष्ट अधिक अवघड आहे. त्याच बागेत सकाळी सातच्या सुमारास रात्रपाळी संपवून आलेले मागावरचे कामगार बसतात. त्यांतील एक आमच्या शाळेतील एका मुलाचे वडील. त्यांना आम्ही समजावणीच्या सुरात दोन शब्द सांगितले. त्यांनी विडी विझविली, आणि मग म्हणाले, की बारा तास मागापुढे उभे राहावयाचे, तेथे सुताच्या ढिगांजवळ काडी ओढता येत नाही. खोलीवर जावे तर दुसऱ्या पाळीची माणसे अद्याप उठलेली नसतात. "गुरुजी, बसाले दुसरी जागा कोठे शे?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही. दोनशे रुपये हा दंड मोटारीतून फिरावयास येणाऱ्यास दंड वाटत नाही. या गृहस्थांचे मात्र त्यात घरातले दोन दिवसांचे दूधभाजी जाते. कायदा सर्वांस सारखा असला तरी पावती फाडणारा हात स्वभावतः त्याच्याकडेच वळतो, जो उलट बोलणार नाही. मुंबईत महापालिकेने स्वच्छतेसाठी नेमलेल्या 'क्लीन-अप मार्शल' मंडळींची योजना एकाहून अधिक वेळा सुरू झाली, तक्रारी आल्या आणि बंद पडली, ती याच वळणावर.

मग बंदी नको, असे म्हणावे काय? येथे आम्ही वाचकांपुढे एक दृश्य ठेवतो. घसरगुंडीजवळ पाचसहा वर्षांची तीन मुले दुकान-दुकान खेळत होती. एकाने पिंपळाच्या पानात माती घेतली, डाव्या तळहातावर ठेवली, उजव्या अंगठ्याने रगडली, दोनदा टाळी देऊन फुफाटा उडविला आणि खालचा ओठ पुढे ओढून चिमूट आत सोडल्यासारखे केले. मग मान तिरकी करून तो थुंकला. हालचालीत कोठे चूक नव्हती. वर्षभर शिकवूनही पाढे इतके बिनचूक येत नाहीत. कोणी शिकविले? कोणीच नाही, त्याने पाहिले. उघड्या हवेत धूर विरतो, तेव्हा बागेत बंदी कशाला, असा युक्तिवाद केला जातो, आणि धुरापुरता त्यात काही अर्थ आहे. शेजारी बसणाऱ्यालाच त्याची झळ अधिक लागते, हे खरे. परंतु आपल्याकडे प्रश्न धुराचा नाहीच. सार्वजनिक जागी जे दिवसाढवळ्या चालते ते रीतसर असते, असे मूल समजते. भारतात तंबाखूमुळे दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे मरतात, असे केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याचे अनुमान आहे, आणि तोंडाच्या कर्करोगात आपला देश जगात अग्रभागी आहे. केवळ सुपारीही कर्करोगास कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले. त्या मुलाच्या हाती अद्याप मातीच आहे. ती तंबाखू होण्यापूर्वी जी काही वर्षे आहेत, तेवढाच आपला अवधी.

बंदी आणि तिची पळवाट ही जोडी जुनी आहे. तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी. अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतताना ती सरंजामासह घेऊन आला आणि बादशहापुढे ठेवली. जहांगीराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासानेही तसेच केले होते. परंतु जहांगीराने इराणात पाठविलेला वकील खान आलम याला तंबाखूवाचून घटकाभर राहवत नसे. ही गोष्ट कानी जाताच शाहाने त्या पाहुण्यापुरती सवलत दिली. खुद्द जहांगीरानेच आपल्या आठवणींत हे नोंदवून ठेवले आहे. दोन बादशहांची बंदी एका वजनदार माणसापुढे वाकली. आज बागेत एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थास हटकताना पहारेकऱ्याची जीभ अडखळते, त्याचे मूळ इतके जुने आहे.

तरीही जगात काही ठिकाणी बंदी रुजली आहे, आणि ती कशी रुजली हे पाहण्यासारखे आहे. टोकियोतील चियोदा या विभागाने २००२ साली रस्त्यावर धूम्रपान करणाऱ्यास दोन हजार येन दंड ठेवला. आधी शिष्टाचाराचे आवाहन करून पाहिले, ते पुरेना म्हणून नियम केला, असे त्यांनी लोकांस उघड सांगितले. आणि दंड मागावयास माणसे प्रत्यक्ष रस्त्यावर उभी केली. न्यूयॉर्क शहराने २०११ साली आपल्या सर्व बागांत व समुद्रकिनाऱ्यांवर बंदी केली. तेथे चिठ्ठ्या फारशा फाडल्या गेल्या नाहीत. लोकांनी एकमेकांस सांगावे, हीच मुख्य अपेक्षा होती. सिंगापूरने २०२२ साली सर्व सार्वजनिक उद्याने धूम्रपानमुक्त केली. फ्रान्सने २९ जून २०२५ पासून तसेच केले. आपल्या शेजारी पाहावे तर गोव्याने १९९७ सालीच धूम्रपान व थुंकणे या दोहोंचा एकत्र विचार करणारा कायदा केला. कर्नाटकाने केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. ती २०२५ साली अमलात आली. तिने दंड एक हजार रुपयांपर्यंत नेला आणि सार्वजनिक जागी धुराबरोबर तंबाखूचे सेवन व थुंकणे यांनाही मनाई केली. म्हणजे १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी जेथे मोठे आंदोलन केले त्या निपाणीतही आता तोंडात बार भरून बागेत बसता येणार नाही. आपल्याला हवा असलेला शब्द हाच: धूम्रपान नव्हे, सेवन.

आणि दूर जाण्याची तरी गरज काय? सुरतेइतके मोठे उदाहरण दुसरे नाही. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या धास्तीने लाखो माणसे हे शहर सोडून पळाली. आपल्यापैकीही पुष्कळ कुटुंबे खान्देशच्या गाड्यांत चढली. पुढल्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त होऊन आले. त्यांनी अधिकाऱ्यांस रोज सकाळी कचेरीबाहेर काढून आपापल्या विभागात फिरावयास लावले, रात्रीची सफाई सुरू केली, आणि मग घाण करणाऱ्यांस दंड केला. या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आधी झाडू, मग पावती. झाडलेल्या रस्त्यावर दंड मागणाऱ्याच्या शब्दाला वजन येते. ज्या शहराच्या नावाने देश नाक मुरडीत होता ते २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिले आले. जे रस्त्यांच्या बाबतीत साधले ते बागेच्या चार भिंतींत साधणार नाही, असे मानण्यास आम्ही तयार नाही.

आमच्या अल्प बुद्धीस सुचते ते असे. महानगरपालिकांना उपविधी करण्याचा अधिकार १९४९ च्या कायद्यानेच दिलेला आहे. तो वापरून बागेत तंबाखूचे कोणत्याही रूपातील सेवन व थुंकणे यांस स्पष्ट मनाई करावी, म्हणजे 'तत्सम'ची फोड करीत बसावे लागणार नाही. बागेच्या पर्यवेक्षकास लेखी अधिकार व क्रमांकित पावतीपुस्तक द्यावे. पहारेकऱ्याच्या शिट्टीमागे कोणी तरी उभे आहे, हे दिसले पाहिजे. सर्व बाग एकदम धरण्यापेक्षा प्रथम मुलांच्या खेळण्याची जागा आणि दार यांवर कटाक्ष ठेवावा, कारण तेवढे सांभाळता आले तर पुढचे पाऊल टाकता येते. पहिल्या खेपेस दंडाऐवजी ताकीद द्यावी, आणि दुसऱ्या खेपेस आबा असोत वा नगरातील बडी असामी, पावती सारखीच फाडावी. दाराबाहेर झाकणाची कचराकुंडी व चूळ भरावयास नळ असावा. आणि रात्रपाळीहून आलेल्या माणसासाठी कुंपणाबाहेर, सावलीत, दोन बाक असावेत. बंदी तंबाखूवर आहे, त्या माणसावर नाही, हे त्याला बाकावरूनच समजेल.

गल्ल्यांचेही पाहावयास हवे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असे सहावे कलम सांगते. शंभर यार्ड म्हणजे सुमारे साडेएक्क्याण्णव मीटर. आम्ही भूमितीच्या तासाला मुलांकडून दोरीने अंतर मोजून घेतले, तर एक गल्ला त्र्याण्णव मीटरांवर भरला. दुकानदारही भूमिती शिकलेला दिसतो! बागेसाठी तर तेवढी दोरीही नाही. मुले जेथे रोज खेळतात त्या बागेच्या दाराला शाळेच्या दाराचे संरक्षण मिळावे, ही मागणी वावगी आहे असे आम्हांस वाटत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितलेली आहे. ही गोष्ट तर गल्लेवाल्यास नव्हे, मुलाला "जा, पुडी घेऊन ये" म्हणून पिटाळणाऱ्या वडिलांसही ठाऊक असणे बरे.

राहता राहिली आजी. या सामायिक अंगणाला ती कोठून आणावयाची? आमच्या मते ती भगिनीमंडळे, भजनीमंडळे व गणेशमंडळे यांतूनच येईल. दहा दिवस मंडपात तंबाखूचा शिरकाव होऊ न देणारी तरुण मुले आपल्याकडे आहेत. त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ बागेस द्यावी. वाद घालू नये, चित्रफीत काढून कोणाची शोभा करू नये. "काका, मुले खेळत आहेत, जरा बाहेर जाऊन या," एवढेच म्हणावे. पावतीला उलट उत्तर देणारा माणूस या वाक्यापुढे बहुधा उठतो, असा आमचा अनुभव आहे. आणि ज्यांना सुटावेसे वाटते पण सुटत नाही, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा विनामूल्य दूरध्वनी आहे. तो घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. मागणाऱ्याने मागितला की शोधाशोध नको. आमच्या त्या मागावरच्या गृहस्थांनी तो क्रमांक मुलाच्या वहीत उतरवून नेला आहे. त्यांनी तो फिरविला की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.

हे मासिक इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील घरांतही जाते. आपल्या गावच्या बागेत ही पाटी आहे काय, असल्यास ती कोण पाळविते, आणि पहारेकऱ्याच्या हाती शिट्टीखेरीज काय दिलेले आहे, हे वाचकांनी अवश्य कळवावे. उपयोगी पडेल असे जे येईल ते येथील नगरसेवकांपुढे ठेवण्याचे काम आम्ही पत्करतो.